राजाबाईंचा मुलगा

चर्चगेट स्टेशनातून सकाळी बाहेर पडून ओव्हल मैदानातल्या पायवाटेने फोर्टकडे जाणारी माणसे मोजायची म्हटली, तर मोजता मोजता कॉलेजचे पहिले दोन तास बुडतील. त्यांत कारकून असतात, वकील असतात, डबेवाले असतात, आणि आमच्यासारखे विद्यार्थीही असतात. या सर्वांच्या डोळ्यांसमोर, अगदी नाकासमोर म्हणा ना, 280 फूट उंचीचा एक दगडी मनोरा उभा असतो. त्याच्याकडे बहुतेक जण एकाच कारणासाठी पाहतात, ते म्हणजे आपल्याला उशीर झाला आहे की नाही हे कळण्यासाठी! घड्याळ पाहिले की मान खाली घालून माणूस पुन्हा चालू लागतो.

हा राजाबाई टॉवर. आपल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयावर तो उभा आहे, म्हणजे एका अर्थाने तो आपल्या घरचाच आहे. तरीही ही राजाबाई कोण, असे मी वर्गात पाच-सहा जणांना विचारले तेव्हा कोणी राणी म्हणाले, कोणी गव्हर्नराची बायको म्हणाले. एकाने तर ते नाव ‘राजा’ आणि ‘बाई’ असे दोघांचे असावे असे ठामपणे सांगितले. वास्तविक राजाबाई या सुरतेच्या एका जैन व्यापाऱ्याच्या पत्नी. त्यांचे नाव दगडावर चढले ते त्यांच्या मुलामुळे. या मुलाचे नाव प्रेमचंद रायचंद. मुंबईच्या एकोणिसाव्या शतकाच्या इतिहासात ज्या थोड्या माणसांनी अख्खे शहर हसवले आणि अख्खे शहर रडवले, त्यांत यांचा क्रमांक फार वर लागेल.

प्रेमचंद यांचा जन्म 1831 सालचा, सुरतेचा. वडील रायचंद दीपचंद लाकडाचे व्यापारी होते. सुरतेचे वैभव तोवर ओसरले होते आणि जो तो मुंबईची वाट धरत होता. रायचंदही कुटुंब घेऊन मुंबईस आले. मुलाला त्यांनी इंग्रजी शिकवले. आज हे वाक्य आपण वाचून पुढे जाऊ, पण त्या काळी दलाली करणाऱ्या देशी माणसाला इंग्रजी लिहिता-वाचता येणे ही अपूर्वाई होती. साहेबाच्या पेढीत दुभाष्याशिवाय शिरणारा, कागद स्वतः वाचणारा, आणि भाव स्वतः बोलणारा दलाल म्हणजे प्रेमचंद. हिशेब ते कागदावर फारसे मांडत नसत, सगळे डोक्यात असे, असे त्यांच्याविषयी सांगतात. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेले नाही. त्यामुळे चार इंग्रजी अक्षरे येणारा माणूस बाकीच्यांच्या किती पुढे निघून जातो हे मला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही.

शेअरदलालांचा बाजार तेव्हा कोणत्याही इमारतीत नव्हता. टाउन हॉलच्या परिसरात झाडांच्या सावलीत दलाल जमत आणि तेथेच सौदे होत. प्रेमचंद तेथे आले ते 1850 नंतरच्या दशकात, ऐन विशीत. कापूस, सोने-चांदी, शेअर हे त्यांचे विषय. नशीब आणि हुशारी या दोन्ही गोष्टी त्यांच्यापाशी होत्या. पण खरा चमत्कार घडवला तो सात समुद्रांपलीकडच्या एका युद्धाने.

1861 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी सुरू झाली. इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्या दक्षिण अमेरिकी संस्थानांच्या कापसावर चालत. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली आणि गिरण्यांना कापूस मिळेना. मग त्यांना आठवण झाली ती हिंदुस्थानची. गुजरात, खानदेश, वऱ्हाड, धारवाड येथला कापूस मुंबई बंदरात येऊ लागला आणि भाव कित्येक पटींनी चढले. लोकांनी गाद्या-उशा उसवून त्यांतला जुना कापूससुद्धा विकला असे सांगतात. वऱ्हाडातल्या काही शेतकऱ्यांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याची आख्यायिकाही प्रसिद्ध आहे. ती खरी असो वा नसो, पैसा किती आला याची कल्पना तिच्यावरून येते.

इंग्लंडचे भाव बोटीने येत. ज्याला ते आधी कळत तो जिंकत असे. बंदरात जहाज लागायच्या आतच प्रेमचंद यांची माणसे वेगवान होड्या घेऊन समुद्रात जहाज गाठीत आणि लिव्हरपूलचे भाव आणीत, अशी गोष्ट आहे. बाकीचा बाजार धक्क्यावर टपाल उतरण्याची वाट पाहत बसलेला असे, तोवर यांचे सौदे पुरेही झालेले असत.

कापसात मिळालेला पैसा कुठेतरी जिरायला हवा होता. तो जिरला शेअरांत. 1865 सालाच्या आरंभी मुंबईत 31 बँका होत्या. शिवाय जमिनीच्या, विम्याच्या, जहाजांच्या, कापूस दाबण्याच्या कंपन्या वेगळ्याच. यांतल्या कितीएक केवळ कागदावर होत्या. सर्वांत मोठे प्रकरण बॅक बेचे. कुलाब्यापासून मलबार हिलपर्यंतचा समुद्र भरून काढून तेथे जमीन करायची, अशी ही योजना होती. पाच हजार रुपयांचा तिचा शेअर पन्नास हजारांपर्यंत गेला. समुद्र अजून जागच्या जागीच होता, जमीन कोणी पाहिलेली नव्हती, आणि लोक मात्र दहापट किंमत देत होते.

या सगळ्याच्या मध्यभागी प्रेमचंद होते. कोणत्या कंपनीचे शेअर कोणाला किती वाटायचे हे त्यांच्या शब्दावर ठरे. त्यांच्या दाराशी सकाळपासून रीघ लागे. बॅरिस्टर, डॉक्टर, साहेब, शेठ, कारकून असे सर्व जण त्यांत असत. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट बँक ऑफ बाँबेची. ही बँक 1840 सालची. तिच्यात सरकारचा पैसा होता, त्यामुळे लोकांचा तिच्यावर देवासारखा विश्वास होता. 1863 साली तिचे नियम सैल करण्यात आले. मग निव्वळ शेअर गहाण ठेवून ती कर्ज देऊ लागली, आणि या कर्जांच्या बाबतीत प्रेमचंद यांचा शब्द तेथे फार चाले. शेअर तारण ठेवून कर्ज काढायचे, त्या कर्जातून आणखी शेअर घ्यायचे, आणि ते पुन्हा तारण ठेवायचे. हे चक्र जोवर भाव चढत आहेत तोवर मजेत फिरते.

याच धामधुमीत, 1864 सालच्या ऑगस्टमध्ये, तेहतीस वर्षांच्या प्रेमचंद यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयाच्या इमारतीसाठी दोन लाख रुपये दिले. त्याच वर्षी पुढे आणखी दोन लाख दिले, ते ग्रंथालयाला जोडून मनोरा बांधण्यासाठी. मनोऱ्याला आपल्या आईचे नाव द्यावे एवढी त्यांची इच्छा होती. विद्यापीठ स्थापन होऊन तेव्हा सातच वर्षे झाली होती. 1862 साली रानडे आणि भांडारकर यांची पहिली तुकडी बी. ए. झाली खरी, पण विद्यापीठाला स्वतःचे छप्पर नव्हते. टाउन हॉलमध्ये त्याचा संसार चाले. अशा बिऱ्हाडकरू विद्यापीठाला घर बांधून देण्याची कल्पना एका शेअरदलालाला सुचावी हे मला विलक्षण वाटते.

आईविषयी एक कथा सर्वत्र ऐकू येते. राजाबाई अंध होत्या, आणि जैन धर्माप्रमाणे त्यांना सूर्यास्तापूर्वी जेवण उरकावे लागे. वेळ दुसऱ्या कोणाला विचारावी लागू नये म्हणून मुलाने तासाला टोल देणारा मनोरा बांधला, अशी ती कथा. कथा गोड आहे आणि तिने मनोऱ्याची कीर्तीही वाढवली आहे. पण मला तिचे थोडे हसू येते. केवळ आईला वेळ कळावी एवढेच असते तर घरात एक ठोक्याचे घड्याळ पुरले असते! मुलाला आईचे नाव शहरभर ऐकू यावे असे वाटले, एवढे कारण मला पुरेसे वाटते. त्या काळी श्रीमंत माणसे धर्मशाळांना, हौदांना, शाळांना नाव देत ते बहुधा वडिलांचे किंवा स्वतःचे. प्रेमचंद यांनीही सुरतेची मुलींची शाळा आणि भडोचचे ग्रंथालय यांना वडिलांचे नाव दिलेच आहे. पण सर्वांत उंच वास्तूला दिले ते आईचे.

1865 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतले युद्ध संपले. बातमी मुंबईत पोहोचली आणि कापसाचा भाव गडगडला. मुदतीचे सौदे पुरे करण्याचा दिवस होता 1 जुलै 1865. त्या दिवशी घेणारे होते, देणारे होते, पैसे मात्र कोणाकडेच नव्हते. पन्नास हजारांच्या शेअरला कोणी विचारीना. बँका एकामागून एक बसल्या. डॉ. भाऊ दाजींसारख्या विद्वान आणि लोकप्रिय माणसालाही या शेअरबाजीत मोठी झळ लागली. तरुण जमशेटजी टाटा व्यापारासाठी लंडनला होते, तेथे त्यांच्या हातातल्या कापसाच्या हुंड्या रद्दीच्या मोलाच्या झाल्या. ही मोठ्यांची नावे म्हणून आपल्याला माहीत आहेत. ज्या विधवांनी दागिने मोडून शेअर घेतले, ज्या कारकुनांनी आयुष्याची पुंजी लावली, त्यांची नावे कोणत्या पुस्तकात येणार? बँक ऑफ बाँबेचे भांडवल बहुतेक सारे बुडाले. 1868 साली ती बंद करावी लागली आणि चौकशीसाठी सरकारला आयोग नेमावा लागला. प्रेमचंद स्वतः तर धुळीला मिळाले. कालपर्यंत ज्यांच्या दाराशी रीघ होती त्यांच्याकडे आता फक्त धनको येऊ लागले.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या चाळीत एक भिशी बुडाली. ती चालवणारे गृहस्थ देवमाणूस म्हणून ओळखले जात. गणपतीला वर्गणी सगळ्यांत जास्त त्यांची, कोणाच्या घरी आजारपण आले की रिक्षा आणायला पहिले तेच. माझ्या आईने लोकांकडची धुणीभांडी करून महिना पाचशे याप्रमाणे तीन वर्षे जे साठवले, ते माझ्या कॉलेजच्या प्रवेशासाठी होते. ते सगळे गेले. गृहस्थ एका रात्रीत कुठे गेले ते कळलेच नाही. पुढे मामाने पैसे दिले म्हणून मी आज हे लिहीत आहे. तेव्हा प्रेमचंद यांच्या दानशूरतेची वर्णने मी वाचतो त्या वेळी माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की हे चार लाख नेमके कोणाचे होते? भाव चढता असताना मिळालेला पैसा आपला, आणि उतरल्यावर बुडालेला पैसा लोकांचा, असा हिशेब मला मान्य होत नाही. ज्यांनी प्रेमचंद यांना केवळ दानवीर म्हणून गौरवले आहे त्यांनी 1 जुलैचा दिवस फार घाईने ओलांडला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण दुसरी बाजूही आहे, आणि तीही तितकीच खरी. प्रेमचंद पळून गेले नाहीत. याच शहरात, ज्यांचे पैसे बुडाले त्यांच्याच डोळ्यांदेखत ते राहिले. ज्या बाजारात नाव गेले होते त्याच बाजारात त्यांनी पुन्हा दलाली सुरू केली आणि हळूहळू बऱ्यापैकी सावरलेही. आणि विद्यापीठाला दिलेले पैसे हे त्या सगळ्या वावटळीतून सुखरूप बाहेर पडलेले पैसे ठरले. समजा 1864 साली ते दिले नसते तर? तेही बॅक बेच्या समुद्रात गेले असते, आणि आज त्या जागी काय असते कोण जाणे.

मनोऱ्याची हकीकत आता थोडक्यात सांगतो. आराखडा काढला तो इंग्लंडचे नामांकित वास्तुशिल्पी सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी. त्यांनी हिंदुस्थानात कधी पाऊल ठेवले नाही, सर्व नकाशे लंडनमध्ये बसून काढले. बांधकाम सुरू झाले 1 मार्च 1869 रोजी, म्हणजे दाता कफल्लक झाल्यानंतर! ते पुरे झाले 1878 च्या नोव्हेंबरात. स्कॉट त्याच वर्षी मार्चमध्ये वारले होते. कुर्ल्याचा पिवळसर दगड आणि पोरबंदरचा दगड त्याला वापरला आहे. घड्याळाच्या घंटांवर पूर्वी इंग्लंडच्या राष्ट्रगीतासकट सोळा सुरावटी वाजत.

वर मान करून नीट पाहिले तर मनोऱ्यावर माणसांच्या मूर्ती दिसतात. पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या अशा 24 मूर्ती आहेत. त्यांचे नमुने घडवले रावबहादूर मुकुंद रामचंद्र या आपल्याच माणसाने. ते या कामावरचे साहाय्यक अभियंता होते. स्कॉट यांचे नाव सर्वत्र येते, मुकुंद रामचंद्र यांचे क्वचितच. इंग्रजी धाटणीच्या मनोऱ्यावर या मूर्ती त्यांनी बसवल्या आणि तेवढ्याने तो आपल्याकडचा झाला. रस्त्यावरून मात्र त्या फार लहान दिसतात. मी त्या पहिल्यांदा नीट पाहिल्या त्या हायकोर्टाच्या बाजूला उभे राहून, एका मित्राच्या दुर्बिणीतून, आणि तेथला पहारेकरी माझ्याकडे संशयाने पाहत होता.

त्या काळी मनोऱ्यासमोर मैदान आणि मैदानापलीकडे समुद्र होता. मरीन ड्राइव्ह पुढच्या शतकातला. बॅक बे कंपनी तर बुडाली, पण तिच्या नादात भरलेली किनाऱ्याची पट्टी रेल्वेच्या उपयोगी पडली. चर्चगेटला उतरणारे आपण सारे त्या फसलेल्या सट्ट्याच्या जमिनीवरून रोज येतो-जातो म्हणायला हरकत नाही.

आता 1875 साल. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ते माहीत आहे ते दख्खनच्या दंग्यांमुळे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली आणि कर्जाची खतपत्रे जाळली. तेथून लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. या दंग्यांची कारणे अनेक होती. वाढवलेला शेतसारा होता, सावकारीचा जाच होता. पण कापसाच्या तेजीत सावकारांनी सढळ हाताने दिलेले कर्ज तेजी संपल्यावर आखडले, हेही त्यांतले एक कारण आपण परीक्षेत लिहितो. आणि त्याच वर्षी, सुप्यानंतर दोनही महिने झाले नाहीत तोच, 9 जुलै 1875 रोजी मुंबईत शेअरदलालांची संस्था रीतसर स्थापन झाली. सभासद 318, प्रवेश फी एक रुपया. तिच्या संस्थापकांत प्रेमचंद अग्रभागी होते. हाच पुढे मुंबईचा शेअरबाजार झाला. एकाच तेजीची ही दोन टोके आहेत. एका टोकाला कर्जाचे कागद जळत होते, दुसऱ्या टोकाला व्यवहाराला नियम लावले जात होते. झाडाखालच्या बेबंद बाजाराला शिस्त हवी हे प्रेमचंद यांच्याइतके महागात कोण शिकले असेल? माझे आजोळ सुप्याजवळचे असल्यामुळे या दोन तारखा माझ्या वहीत मी शेजारी शेजारी लिहून ठेवल्या आहेत.

प्रेमचंद यांनी त्याच भरभराटीच्या काळात कलकत्ता विद्यापीठालाही दोन लाख रुपये दिले होते. गुजराती माणूस, मुंबईचा धंदा, आणि देणगी बंगालला! तिच्या व्याजातून प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती सुरू झाली आणि बंगालमध्ये ती विद्वत्तेची मोठी कसोटी मानली गेली. सर आशुतोष मुखर्जी यांनी ती मिळवली. 1897 साली ती मिळाली जदुनाथ सरकार यांना. शिवछत्रपतींवर आणि मराठ्यांच्या इतिहासावर लिहिणारे, रियासतकार सरदेसायांचे आयुष्यभराचे स्नेही, तेच हे जदुनाथ. त्यांच्या मतांवर महाराष्ट्रात पुष्कळ वाद झाले, पण त्यांना वगळून आमचा अभ्यासक्रम पुरा होत नाही. खानदेश-वऱ्हाडच्या शेतातला कापूस लिव्हरपूलला गेला, त्याचा नफा मुंबईच्या दलालाकडे आला, तेथून तो कलकत्त्याला गेला, आणि फिरत फिरत मराठ्यांच्या इतिहासाच्या कामी लागला. अशी वळणे पाहिली की वर मांडलेला माझा हिशेब मलाच पुन्हा तपासून पाहावासा वाटतो.

मनोरा पुरा झाल्यावर प्रेमचंद अठ्ठावीस वर्षे जगले. म्हणजे फोर्टात कामानिमित्त येता-जाता आईच्या नावाचे टोल त्यांच्या कानी हजारो वेळा पडले असतील. हा पैसा आपण तेव्हा दिला म्हणून वाचला, असे त्यांच्या मनात येत असेल काय? सर दिनशा वाच्छा यांनी पुढे त्यांचे छोटे चरित्र लिहिले. शेअरबाजीचे ते दिवस वाच्छांनी विद्यार्थिदशेत स्वतः पाहिले होते. त्या पुस्तकात सट्टा भरपूर आहे, पण पडल्यानंतरच्या चाळीस वर्षांत हा माणूस मनातून कसा होता ते हाती लागत नाही.

टॉवरची डागडुजी होऊन 2015 साली तो पुन्हा उजळला, आणि 2018 साली फोर्टातल्या या इमारतींचा समूह युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. टॉवरच्या पायथ्याशी आता परदेशी पाहुणे फोटो काढताना दिसतात.

प्रेमचंद 1906 साली वारले. तेजीच्या दिवसांत गजबजलेला भायखळ्याचा त्यांचा बंगला पुढे ख्रिस्ती भगिनींच्या संस्थेकडे गेला, आणि तेथे मुलींची शाळा भरू लागली.